रुग्णांच्या सीरममध्ये सोल्युबल सीडी८३ वाढलंय: प्रतिकारशक्ती पेटलीय की तिला आवर घातला जातोय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्ही नांदेडमध्ये रुमॅटॉइड संधिवाताच्या ४० रुग्णांचं आणि ४० निरोगी लोकांचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) गोळा केलंत आणि छत्रपती संभाजीनगरला नेऊन एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणारी चाचणी, केली. रुग्णांमध्ये सोल्युबल सीडी८३, म्हणजे सीडी८३ या प्रथिनाचं रक्तात सुटं फिरणारं रूप, निरोगी लोकांच्या तिपटीच्या आसपास आलं. तुमचे सर म्हणतात, सीडी८३ ही परिपक्व डेंड्रायटिक पेशीची खूण आहे, ती वाढली म्हणजे प्रतिकारयंत्रणा पेटलेली आहे, तसं लिहून टाका. तुम्ही वाचलेले शोधनिबंध मात्र सांगतात की सोल्युबल सीडी८३ टी पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या लढाऊ पेशींना, दाबतं. मग तुम्ही विकतचं रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) सीडी८३ घालून मिक्स्ड लिम्फोसाइट रिअ‍ॅक्शन, म्हणजे एमएलआर, लावून पाहिली; यात एकाच्या टी पेशी दुसऱ्याच्या पेशींसोबत ठेवून त्या किती वाढतात ते पाहतात. पहिल्या खेपेला टी पेशींची वाढ घटली, दुसऱ्या खेपेला काहीच फरक पडला नाही. आता एक किट उरलंय, मेअखेर प्रबंध द्यायचाय, आणि कुणाचं बरोबर हे कळत नाही.

सरांचंही बरोबर आहे आणि शोधनिबंधांचंही, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. सर बोलतायत पेशीच्या पडद्यावर बसलेल्या सीडी८३ बद्दल. निबंध बोलतायत रक्तात सुटं फिरणाऱ्या सीडी८३ बद्दल. पण माझ्या मते तुमची खरी अडचण याच्याही आधीची आहे. तुमच्या प्लेटमध्ये जो रंग आला तो सीडी८३ चाच आहे की रुग्णाच्या रक्तातल्या रुमॅटॉइड फॅक्टर नावाच्या अँटिबॉडीचा, हे अजून सिद्ध झालेलं नाही. ते होईस्तोवर वाढीचा अर्थ लावण्यात हशील नाही. तरी अर्थाचं आधी बोलू, कारण पुढची तपासणी कशासाठी करायची ते त्यावरच ठरतं.

डेंड्रायटिक पेशी म्हणजे परक्या प्रथिनाचा तुकडा पकडून टी पेशीला दाखवणारी पेशी. राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये तिचं वर्णन केलं. स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. अपरिपक्व अवस्थेत ही पेशी ऊतींमध्ये टेहळणी करते. धोक्याचा संकेत मिळाला की परिपक्व होऊन लसिकाग्रंथीकडं जाते, आणि त्या वेळी तिच्या पडद्यावर सीडी८०, सीडी८६, एचएलए-डीआर आणि सीडी८३ ही प्रथिनं भरभरून येतात. सीडी८३ हे २०५ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. त्यातला सव्वाशेच्या आसपास अमिनो आम्लांचा भाग पेशीबाहेर असतो आणि त्याची घडी इम्युनोग्लोब्युलिनसारखी असते. पडद्यावर असताना ते काय करतं, याचा नीट उलगडा २०११ मध्ये झाला. पेशीत मार्च-१ नावाचं एन्झाइम एमएचसी-२ (परका तुकडा टी पेशीपुढं धरणारं प्रथिन) आणि सीडी८६ यांच्यावर युबिक्विटिनचा, म्हणजे ‘मोडून टाका’ असा, शिक्का मारतं आणि मग ती प्रथिनं आत ओढून मोडली जातात. सीडी८३ या मार्च-१ ला अडवतं. त्यामुळं एमएचसी-२ आणि सीडी८६ पडद्यावर जास्त वेळ टिकतात आणि टी पेशीला ठळक संदेश जातो. थायमस या टी पेशी घडवणाऱ्या ग्रंथीतल्या एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींत हेच काम मार्च-८ च्या विरोधात चालतं, म्हणूनच सीडी८३ नसलेल्या उंदरांत सीडी४ टी पेशी फार कमी तयार होतात. एवढ्यापुरतं सरांचं म्हणणं शंभर टक्के खरं: पडद्यावरचं सीडी८३ म्हणजे प्रतिसाद वाढवणारं.

सुट्या सीडी८३ ची कहाणी उलटी. त्याचा पेशीबाहेरचा भाग वेगळा बनवून डेंड्रायटिक आणि टी पेशींच्या मिश्रणात घातला तर टी पेशींची वाढ थांबते, हे जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं. २००४ मध्ये त्याच गटानं मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार मुद्दाम घडवलेल्या उंदरांत हे प्रथिन देऊन पक्षाघात रोखून दाखवला. पुढं हृदय, त्वचा आणि कॉर्नियाच्या रोपणात, प्राण्यांमध्ये, रोपण नाकारलं जाणं त्यानं लांबल्याचं दिसलं. ते कसं घडतं याचा महत्त्वाचा धागा २०१७ मध्ये हाती आला: सुटं सीडी८३ हे सीडी१४ ही खूण असलेल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरच्या टीएलआर४ आणि एमडी-२ या संकेत पकडणाऱ्या प्रथिनांच्या जोडीला चिकटतं. मोनोसाइट मग आयडीओ हे एन्झाइम आणि प्रोस्टाग्लँडिन ई२ हा संदेशवाहक रेणू तयार करतात. आयडीओ भोवतालचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल खाऊन टाकतं आणि टी पेशींचं विभाजन अडतं. हा मोनोसाइटचा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या फसलेल्या एमएलआरचं उत्तर बहुधा त्यातच आहे.

रक्तात ते येतं कुठून? परिपक्व डेंड्रायटिक पेशींकडून, तसंच चेतलेल्या बी पेशींकडून. पडद्यावरून तुटून पडणं आणि आरएनएचे वेगळे तुकडे जुळून मुळातच पडद्याचा भाग नसलेलं प्रथिन बनणं, या दोन्ही वाटा वर्णन झालेल्या आहेत. तेव्हा सीरममधला आकडा पाहून ‘डेंड्रायटिक पेशी वाढल्या’ असं लिहिता येणार नाही. काही रक्तकर्करोगांतही तो वाढलेला सापडतो, आणि तिथं मुख्य संशय खुद्द कर्करोगग्रस्त बी पेशींवर असतो.

आता अर्थाचं. रुमॅटॉइड संधिवातात सांध्याच्या पाण्यात सोल्युबल सीडी८३, सीडी८० आणि सीडी८६ वाढलेले असतात हे प्रसिद्ध झालेलं आहे, त्यामुळं तुमचं निरीक्षण काही जगावेगळं नाही. पण आजारात एखादी गोष्ट वाढलेली दिसली म्हणजे तिनंच आजार आणला असं होत नाही. बीड-लातूरकडं उन्हाळ्यात ज्या गावात टँकर जास्त, तिथं टंचाई जास्त. म्हणून टंचाई टँकरनं आणली असं कुणी म्हणत नाही. दाह पेटला, डेंड्रायटिक आणि बी पेशी चेतल्या, आणि त्यांनीच आवर घालणारं प्रथिन सोडलं, असं असू शकतं. फक्त तो आवर पुरेसा आहे का, हे तुमच्या आकड्यावरून ठरत नाही. आणि इथं मात्रेचा फरक नजरेआड होऊ देऊ नका. निरोगी सीरममध्ये सोल्युबल सीडी८३ पिकोग्रॅम प्रति मिलीच्या घरात असतं. प्रयोगशाळेत टी पेशी दाबायला ते मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या घरात घालतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे दहा लाख पिकोग्रॅम. म्हणजे ‘रुग्णाच्या रक्तातलं सीडी८३ टी पेशींना दाबतंय’ हे वाक्य तुमच्या डेटावरून लिहिता येत नाही, आणि ‘पेटवतंय’ हे तर मुळीच नाही. सांध्याच्या आत, पेशींच्या अगदी जवळ, प्रमाण कितीतरी जास्त असू शकतं. पण तिथलं मोजमाप तुम्ही केलेलं नाही.

आता रुमॅटॉइड फॅक्टर. ही बहुधा आयजीएम प्रकारची अँटिबॉडी असते आणि ती दुसऱ्या अँटिबॉडीच्या, म्हणजे आयजीजीच्या, शेपटीला चिकटते. तुमची एलायझा सँडविच पद्धतीची आहे: खाली प्लेटवर एक अँटिबॉडी, मध्ये सीडी८३, वर रंग देणारी दुसरी अँटिबॉडी. रुमॅटॉइड फॅक्टरला अनेक हात असतात. एका हातानं तो खालची अँटिबॉडी धरतो, दुसऱ्यानं वरची. मध्ये सीडी८३ चा एक रेणूही नसताना पूल बांधला जातो आणि पिवळा रंग येतो. म्हणजे ज्या आजारात हा फॅक्टर असतो नेमका त्याच आजाराच्या रुग्णांत आकडा फुगतो, निरोगी लोकांत फुगत नाही, आणि पी-व्हॅल्यूही झकास येते. पिकोग्रॅमच्या पातळीवरचं मोजमाप असल्यानं थोड्याशा खोट्या रंगानंही तिप्पट फरक सहज दिसतो.

हे ओळखायचं कसं? पहिली तपासणी फुकटची आहे, तुमच्या एक्सेल शीटमध्येच होते. रुग्णांचा आरए फॅक्टरचा (रुमॅटॉइड फॅक्टरचंच दुसरं नाव) आकडा आडव्या अक्षावर आणि सीडी८३ उभ्या अक्षावर घ्या. ठिपके छान तिरप्या रेषेत बसले तर आनंद नको, संशय घ्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह असलेले रुग्ण वेगळे काढा. त्यांच्यातही सीडी८३ निरोगी लोकांपेक्षा जास्त असेल तर तुमच्या निष्कर्षाला बळ मिळतं. त्यांच्यात फरक पुसला गेला तर पाणी कुठं मुरतंय ते कळलं.

दुसरी तपासणी डायल्यूशनची. तीन-चार चढ्या आकड्यांची सीरम १:२, १:४, १:८ अशी पातळ करा आणि आलेला आकडा पटीनं गुणा. खरं प्रथिन असेल तर तिन्ही उत्तरं साधारण २० टक्क्यांच्या आत जुळतात. रुमॅटॉइड फॅक्टरमुळं आलेला रंग पातळ करताच बेताल वागतो, बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा भराभर कोसळतो. तिसरी आणि सगळ्यात निर्णायक तपासणी म्हणजे अडवणूक. नमुना प्लेटमध्ये टाकण्याआधी त्यात साधं, कशाच्याही विरोधात नसलेलं आयजीजी भरपूर घालायचं, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास, आणि अर्धा तास ठेवायचं. रुमॅटॉइड फॅक्टर त्यालाच धरून बसतो आणि प्लेटवरच्या अँटिबॉडीसाठी मोकळा उरत नाही. हे आयजीजी कुठल्या प्राण्याचं घ्यायचं ते किटच्या पत्रकावर अवलंबून आहे. खालची अँटिबॉडी उंदराची आणि वरची शेळीची असेल तर दोन्ही प्राण्यांचं घाला. वरची सशाची असेल तर जास्तच सावध राहा, कारण सशाच्या आयजीजीला हा फॅक्टर चांगलाच चिकटतो. अशा आडव्या येणाऱ्या अँटिबॉडी अडवणारा तयार हेटेरोफाइल ब्लॉकर मिळाला तर तोही चालतो, पण महाग पडतो.

नमुन्यांबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंय, आणि इथं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन अर्धा तास गोठू द्यायचं, १००० ते १५०० जी वर १० मिनिटं फिरवायचं, वरचं सीरम २००-२०० मायक्रोलिटरच्या भागांत वाटून उणे ८० ला ठेवायचं, इतकं सरळ आहे. बिघडतं ते प्रवासात. नांदेडहून एसटीनं पाच-सहा तास, बाहेर एप्रिलचं ४२ अंश ऊन, आणि ट्यूबमध्ये अजून पेशी तशाच. त्या पेशी जिवंत असतात, चेततात, फुटतात, आणि त्यांच्यातलं प्रथिन सीरममध्ये उतरतं. सीरम नांदेडलाच वेगळं करा, मगच आइसपॅकच्या डब्यातून आणा. डबा गच्च भरलेला असावा. अर्ध्या रिकाम्या डब्यातला बर्फ परभणी-जालन्याच्या मधेच संपतो. लालसर झालेले नमुने बाजूला काढा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवून वापरू नका, आणि फ्रीजरची वीज कधी, किती वेळ गेली होती याची नोंद वहीत हवी.

याहून मोठी गोम तुलनेच्या गटात असते. रुग्णांत बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायका, आणि ‘निरोगी’ म्हणून वर्गातली बावीस वर्षांची मुलं-मुली, असं आपल्याकडं सर्रास चालतं. रुग्णांचं रक्त प्रवास करून आलेलं, मुलांचं समोर काढून लगेच गोठवलेलं. असा फरक आजाराचा धरता येत नाही. वय, स्त्री-पुरुष प्रमाण आणि हाताळणी तिन्ही जुळायला हवं. रुग्णासोबत आलेले नातेवाईक हा सोपा मार्ग आहे: त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच डब्यातून. मागच्या पावसाळ्यात चिकुनगुनिया झालेली माणसं दोन्ही गटांतून वगळा. त्याची सांधेदुखी महिनोन् महिने राहते आणि हुबेहूब रुमॅटॉइडसारखी दिसते. निदान संधिवाताच्या २०१० च्या एसीआर-युलार या आंतरराष्ट्रीय निकषांवर झालंय का ते केसपेपरवर पाहा. औषधं तर लिहूनच घ्या, त्यातही स्टेरॉइड, कारण स्टेरॉइडखाली डेंड्रायटिक पेशींवर सीडी८३ नीट येतच नाही. गावाकडं ‘वाताच्या पुड्या’ घेणारे बरेच रुग्ण असतात आणि त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं; तेव्हा नुसतं ‘काही औषध चालू आहे का’ असं न विचारता पुड्यांचं नाव घेऊन विचारा.

आता एमएलआर. दोन्ही खेपांत तुम्ही नेमक्या कुठल्या पेशी घेतल्या ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज सांगतो. पहिल्यांदा रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या फिकॉल द्रावणावरून काढलेल्या सगळ्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी, म्हणजे पीबीएमसी, तशाच वापरल्या असतील. दुसऱ्यांदा ‘अधिक स्वच्छ’ म्हणून मण्यांनी वेगळ्या केलेल्या टी पेशी घेतल्या असतील. पीबीएमसीमध्ये मोनोसाइट असतात, शुद्ध टी पेशींत नसतात. सोल्युबल सीडी८३ मोनोसाइटमार्फत काम करत असेल तर ते काढून टाकल्यावर परिणाम नाहीसा होणं हे अपयश नाही, तीच यंत्रणेची खूण आहे. एकाच दात्याच्या पेशी घेऊन तीन रांगा लावा: पीबीएमसी, शुद्ध टी पेशी, आणि शुद्ध टी पेशींत १० टक्के मोनोसाइट परत मिसळलेल्या. दाबणं पहिल्या आणि तिसऱ्या रांगेत दिसलं, दुसऱ्या रांगेत नाही, तर तुमचा डेटा बोलू लागला. तिसऱ्या रांगेत आयडीओला अडवणारं १-मिथाइल ट्रिप्टोफॅन घालून दाबणं उठलं तर आयडीओचा मार्गही पकडला.

मांडणी अशी ठेवा. डेंड्रायटिक पेशी बनवण्यासाठी मोनोसाइट जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ या संदेश-प्रथिनांमध्ये सहा दिवस वाढवा, मग टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा, आयएल-६ आणि प्रोस्टाग्लँडिन ई२ यांच्या मिश्रणात दोन दिवस परिपक्व करा. पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर सीडी१४ गेलेलं आणि सीडी८३, सीडी८६, एचएलए-डीआर चढलेलं दिसल्याशिवाय पुढं जाऊ नका. पेशी दोनदा नीट धुवा. मिश्रणातलं प्रोस्टाग्लँडिन मागं राहिलं तर ते स्वतःच टी पेशींना दाबतं आणि श्रेय सीडी८३ ला जातं. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) गोल बुडाच्या प्लेटमध्ये वेलला दोन लाख टी पेशी, डेंड्रायटिक पेशी १:१० ते १:८० अशा उतरत्या प्रमाणात, पाच दिवस. १:१० वर संदेश इतका जोरदार असतो की दाबणं झाकलं जातं; खरा फरक १:४० च्या आसपास दिसतो. दोन्ही पेशी एकत्र करतानाच त्यात सीडी८३ घाला. टी पेशी विभाजनाला लागल्यावर तिसऱ्या दिवशी घातलंत तर परिणामाची अपेक्षा ठेवू नका. शेवटी जिवंत-मृत पेशींचा रंग लावायला विसरू नका, कारण पेशी मेल्यामुळंही वाढ कमी दिसते.

सगळ्यात जास्त घात करतं ते एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस. प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलेलं असेल तर त्यात एलपीएस राहतं. पत्रकावर ‘१ ईयू (एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी’ असं वाचून आपण निर्धास्त होतो, पण हिशेब करून पाहा. १ ईयू म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. तुम्ही प्रथिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली घातलंत तर कमाल मर्यादेवर १ नॅनोग्रॅम प्रति मिली एलपीएस सोबत गेलं, आणि एवढ्यावर मोनोसाइट खडबडून जागे होतात. त्यातून एलपीएस बसतं तेही टीएलआर४ आणि एमडी-२ वरच, नेमकं जिथं सीडी८३ बसतं. म्हणून उकळलेल्या प्रथिनाचा कंट्रोल हवाच: अर्धा तास ९५ अंशाला ठेवलं की प्रथिनाची घडी मोडते, एलपीएस तसंच राहतं. उकळल्यावरही परिणाम कायम राहिला तर तो सीडी८३ चा नव्हे. एलपीएसला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली हा त्याच्या जोडीचा दुसरा कंट्रोल. प्रथिनाला एफसी, म्हणजे अँटिबॉडीची शेपूट, जोडलेली असेल तर तेवढीच मात्रा नुसत्या एफसीची घालून एक रांग लावा. आणि एमएलआरनंतर त्याच पेशींवर सीडी८३ चा रंग लावणार असाल तर आधी धुवा. माध्यमात उरलेलं सुटं सीडी८३ रंगाची अँटिबॉडी शोषून घेतं आणि पेशी निगेटिव्ह दिसतात.

मेअखेरचं गणित पाहता नवी एमएलआर बसवायला वेळ पुरेल असं वाटत नाही. ती प्रबंधात प्राथमिक निरीक्षण म्हणून, पेशींचा प्रकार स्पष्ट नोंदवून, दोन्ही निकालांसह द्या. उरलेलं किट पूर्णपणे रुमॅटॉइड फॅक्टरच्या तपासणीवर खर्च करा. ९६ पैकी १६ वेल स्टँडर्डला, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या सीडी८३ ला: आठ बिंदूंची एक रांग साध्या बफरमध्ये, दुसरी आयजीजी घातलेल्या बफरमध्ये. उरले ८०. त्यात २० सीरम, प्रत्येक आयजीजीशिवाय आणि आयजीजीसह, दोन-दोन वेलमध्ये. हे २० असे निवडा: आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आणि सीडी८३ चढं असलेले १०, आरए फॅक्टर निगेटिव्ह रुग्ण ५, निरोगी ५. एका सीरमच्या चारही वेल शेजारी ठेवा, म्हणजे प्लेटच्या कडेचा आणि मधल्या भागाचा फरक आड येत नाही. या प्लेटसाठी न वितळलेले भागच काढा.

स्टँडर्डच्या दोन वक्ररेषा एकमेकींवर बसल्या तर आयजीजी मूळ मोजणीत ढवळाढवळ करत नाही, आणि दोन्ही रांगा मिळून तुमच्या डुप्लिकेटचं काम करतील. त्या फाकल्या तर आयजीजीसह मोजलेल्या नमुन्यांचे आकडे आयजीजीच्याच रेषेवरून वाचा. आयजीजीनं पॉझिटिव्ह रुग्णांचे आकडे निम्म्याहून खाली आले आणि निगेटिव्ह व निरोगी जागेवर राहिले, तर सगळ्या ८० नमुन्यांचा जुना तक्ता निष्कर्षासाठी वापरू नका. आधीचे आणि अडवणुकीनंतरचे आकडे शेजारी-शेजारी छापा आणि मोजणीतली ही अडचण हाच प्रबंधाचा मुख्य निकाल करा. आकडे टिकले, तर ‘रुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांत सोल्युबल सीडी८३ वाढलेलं आढळलं, ते रुमॅटॉइड फॅक्टरमुळं नाही’ एवढं ठामपणे लिहा. सोबत मध्यक आणि मान-व्हिटनी ही क्रमांवर आधारलेली सांख्यिकी चाचणी द्या, कारण असे आकडे एका बाजूला कललेले असतात आणि सरासरी दोन-चार रुग्णांवर हलते. किटच्या मोजमर्यादेखाली आलेल्या नमुन्यांना शून्य देऊ नका, ‘मर्यादेखाली’ असंच लिहा आणि ते किती होते तेही सांगा.